भाड्याच्या पोशाखातला इतिहास

मराठी ऐतिहासिक कादंबरीला स्फूर्तीची वाण कधीच पडलेली नाही. वाण आहे ती माहितीची, आणि माहिती नसल्याबद्दल वाटायला हव्या त्या लाजेची. आमच्याकडे एखादा लेखक सहलीला म्हणून किल्ल्यावर जातो, बुरुजावर उभा राहतो, वारा सुटलेला असतो, अंगावर शहारे येतात, आणि खाली उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात सहाशे पानांची कादंबरी तयार असते. उरते फक्त तिला त्या काळाचे कपडे चढवणे. मग तो दोनचार बखरी चाळतो, कुणा जाणत्याला दागिन्यांची नावे विचारतो, मंदील, शेला, चिलखत, पट्टा, अंबारी असे शब्द एका वहीत उतरून घेतो आणि प्रकरणागणिक ते पेरीत जातो. नाटकमंडळी पोशाख भाड्याने आणतात ना, तसा हा तपशील भाड्याचा. अंगाला नीट बसला नाही तरी एक रात्र निभावते. खेळ संपला की गाठोडे परत.

माझे भांडण या क्रमाशीच आहे. आधी स्फूर्ती आणि मग तपशील, हे उलटे चालणे आहे. जुन्या काळातल्या एखाद्या क्षुल्लक नोंदीने ज्याची झोप उडाली त्याने ऐतिहासिक कादंबरी लिहावी. बाकीच्यांनी किल्ल्यावरचा वारा खाऊन, पिठले-भाकरी जेवून घरी यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

हे बोलणे पूर्वसूरींना उद्देशून आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ साली आले, तेव्हा छापलेली साधने हाताशी जवळजवळ नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहिले, तेव्हा राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंडही बाहेर पडायचा होता, तो १८९८चा. ज्यांच्यापाशी दिवाच नव्हता त्यांना अंधारात ठेच लागली म्हणून हसणारा मी कोण? पुढे १९६२ साली रणजित देसायांचे 'स्वामी' आले आणि ऐतिहासिक कादंबरीला घराघरात मानाचे पान मिळाले. ना. सं. इनामदारांनी तर 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळा आणि 'मंत्रावेगळा'त दुसरा बाजीराव अशी बदनाम माणसे उचलली, हे धाडस साधे नव्हते. माझी तक्रार आहे ती त्यांच्यानंतर आलेल्या उदंड पिकाबद्दल. यांना दिवे मिळाले आहेत, वाती मिळाल्या आहेत, तेलही मिळाले आहे. तरी हे डोळे मिटून चालतात, आणि त्याला प्रतिभा म्हणतात.

यांचे पहिले आणि आवडते उत्तर ठरलेले आहे : "अहो, ही कादंबरी आहे, इतिहास नव्हे." बरे. मग मुखपृष्ठावर घोडा कशाला? प्रस्तावनेत 'अनेक वर्षांच्या संशोधनाचे फळ' कशाला? कादंबरीकाराला स्वातंत्र्य हवे, हे मलाही मान्य आहे. मीही त्याच धंद्यातला आहे. परंतु स्वातंत्र्याची जागा कोणती? कागद जिथे गप्प बसतो ती. कागद बोलत असताना त्याच्या तोंडावर हात ठेवून आपणच बोलत सुटणे, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

आता किरकोळ चुकांविषयी दोन शब्द सांगून मोकळा होतो, कारण टीकाकार तेवढ्याच पकडून खूश होतात. पेशवाईतल्या एका कादंबरीत बाईसाहेब एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातात. त्या खिचडीतला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आजच्या साबुदाण्याचे कंदही तिकडचेच, मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलेली, आणि बटाटा मराठी स्वयंपाकघरात रुळला तो एकोणिसाव्या शतकात. सगळा समुद्रापारचा पदार्थ बिचाऱ्या बाईंच्या उपासाला लावून दिला! दुसऱ्या एका कादंबरीत हेर म्हणतो, "पाच मिनिटांत आलो." तो काळ घटका आणि पळांचा. भोक पाडलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की घटका झाली. आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे. दिवसरात्रीच्या घटका साठ. ज्याच्या काळाचे सर्वांत हाताशी असलेले माप चोवीस मिनिटांचे आहे, त्या माणसाची वाट पाहण्याची रीत, त्याची घाई, त्याचा उशीर हे आपल्याहून निराळे असणार की नाही? बटाट्याची चूक स्वयंपाकघरात राहते. मिनिटाची चूक माणसाच्या मनात शिरते. टीकाकारांनी बटाटे वेचणे सोडून तिकडे लक्ष द्यावे.

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात मी किल्ल्यांविषयी सांगत होतो. तट, बुरुज, चोरदिंडी सगळे झाले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, गडावर इतकी माणसं होती, ती परसाकडं कुठं जायची?" वर्ग खदखदून हसला. मला मात्र वाटले, की गेल्या दहा वर्षांतल्या पंचवीस कादंबऱ्यांना न पडलेला प्रश्न हिला पडला. रायगडावर राणीवशातले शौचकूप आजही पाहायला मिळतात, ते मी तिला सांगितले. शिबंदीचे काय, हे विचारायला ती चुकली नाही. मग मी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे वळलो. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यात गडावर केरकचरा पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली न टाकता तिथेच जाळावा आणि त्या राखेवर परसात भाजीपाला करावा, असे सांगितले आहे. राज्याचा अमात्य राखेतल्या भाजीची गोष्ट लिहितो! आमच्या कादंबरीतला अमात्य फक्त कपाळाला आठ्या घालून खलबते करतो.

याहून मोठा मासला शिवछत्रपतींच्या स्वतःच्या पत्राचा आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणच्या बाजूला छावणीला राहिलेल्या लष्कराला पाठवलेले. पावसाळा तोंडावर आहे, दाणावैरण पुरवून वापरा, नाहीतर ऐन पावसात घोडी मरतील. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका. हे बहुतेकांना ठाऊक असते, भाषणांतही येते. पुढचे मात्र भाषणांत येत नाही. महाराज लिहितात की कुणी भलत्याच जागी चुली पेटवील, कुणी तमाखूसाठी विस्तव नेईल, कुणी दिवा तसाच जळता ठेवून निजेल, आणि मग उंदीर त्याची वात ओढून नेईल. वारा असेल, गवत पडलेले असेल, आणि एकाएकी सगळ्या पागा जळून जातील.

उंदीर वात नेईल! मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. वातीला तेल लागलेले असते, ते खायला उंदीर येतो, वात ओढून गवताच्या गंजीकडे पळतो. हे ज्याने पाहिले आहे, निदान ज्याच्या कानांवर असल्या आगीची हकीकत आली आहे आणि जो ती विसरलेला नाही, त्यालाच हे सुचेल. राज्य उभारणारा माणूस रात्री डोळे मिटून पडला असता त्याला काय दिसत होते, ते या एका ओळीत आहे. दरबारातली दोनशे पाने लिहूनही ते हाती लागणार नाही. उलट आमचे कादंबरीकार याच महाराजांना पानोपानी दूर क्षितिजाकडे पाहत उभे करतात. त्यांनी क्षितिजाकडे किती वेळ पाहिले असेल ते असो. उंदराकडे पाहिले होते, याला लेखी पुरावा आहे.

अशा ओळी कुठे सापडतात, असे नवे लेखक विचारतात, जणू काही मी गुप्तधनाचा पत्ता दडवून बसलो आहे. सगळे छापलेले पडले आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, वाड्यांचे माळे शोधीत फिरले. त्यांच्या साधनांचे बावीस खंड आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून पंचेचाळीस भाग १९३०च्या पुढच्या चार-पाच वर्षांत काढले. गणेश चिमणाजी वाडांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून वेचे काढले, त्यात राजकारण आहेच. शिवाय जकाती, दंड, इनामे, घटस्फोटाचे तंटे, दुष्काळातल्या सुटी असा सगळा संसार आहे. शब्द अडला तर १८५७ची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती उघडावी. तो नुसता कोश नाही, एकेका शब्दामागे एकेक अवजार, एकेक रोग, एकेक शिवी उभी आहे. खेडे लिहायचे असेल तर त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा', १९१५चा. आणि सत्तावन साल लिहायचे असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'.

गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले आणि बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते शहरात होते. तिथल्या लुटीचे टप्पे त्यांनी सांगितले आहेत : आधी सोने-रुपे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. लुटीलाही वार नेमून दिलेले! कल्पनेने लुटीचे वर्णन करणारा लेखक आगीचे लोळ, किंकाळ्या, घोड्यांच्या टापा लिहील. भांड्यांचा दिवस वेगळा आणि लुगड्यांचा दिवस वेगळा, हे तो जन्मात लिहिणार नाही. आणि गंमत पाहा, हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले ते आपल्या पसंतीने फेरफार करून. मूळ संहिता वाचायला मिळायला १९६६ साल उजाडावे लागले, दत्तो वामन पोतदारांच्या हातून. म्हणजे प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहून ठेवले तरी इस्त्री फिरवायची आमची खोड जुनीच आहे.

इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. मॅट्रिकपुढे शिकण्याचा योग आला नाही, आणि या विषयावर बोललो की विद्वानांच्या भुवया जरा वर जातात, हे मी पाहिले आहे. मोडी मात्र एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकलो. अक्षरे महिन्याभरात येतात. हात ओळखायला वर्षे लागतात. आमच्या भागातल्या एका जुन्या घरी माळ्यावर कागदांचा रुमाल होता. घरमालकांनी चहा देऊन तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, जमिनीचं काही निघालं तर तेवढं सांगा." जमिनीचे काही निघाले नाही. निघाला एका लग्नाच्या खर्चाचा ताळा. नारळ, हळद, सुपाऱ्या, दिवट्यांना तेल, वाजंत्र्यांना बिदागी, व्याह्यांना शेला. त्यात शेवटाकडे एक ओळ : बटीक १, लुगडे १.

व्याह्यांचे नाव आहे. वाजंत्र्यांतल्या म्होरक्याचेसुद्धा नाव आहे. तिचे नाही, तिचा आकडा आहे. नारळांच्या आकड्याखाली, त्याच हाताने, त्याच शाईने. लुगडे मिळाले ते तिला की तिच्याबरोबर मुलीला आंदण म्हणून गेले, हे कागद सांगत नाही. ती त्या घरातून या घरात गेली असेल तर तिला कुणी विचारले होते का, हेही सांगत नाही. माझी दुसरी कादंबरी त्या ओळीतून निघाली. मी कुठल्याही बुरुजावर उभा नव्हतो, आणि वारा म्हणाल तर माळ्यावर वाऱ्याचा लवलेश नव्हता. गुळाचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा वास होता.

ते हस्तलिखित एका प्रकाशकांनी वाचले. सज्जन गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, लिहिलंय छान. पण यात तलवार कुठाय?" मी म्हणालो, "विळी आहे." ते हसले. पुस्तक त्यांनी छापले नाही. पुढे दुसरीकडे ते निघाले आणि बऱ्यापैकी खपले, हे सांगून मला फुशारकी मारायची नाही. तलवार नसली की कादंबरी ऐतिहासिक नाही, ही समजूत किती मुरलेली आहे ते दाखवायचे आहे.

कुणबीण, बटीक हे शब्द पेशवाईच्या कागदांत जागोजागी भेटतात. कुणबिणी विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात. त्या पळून जात, आणि पकडून आणल्या जात. व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकार एखाद्या बाईला बटीक करी आणि किल्ल्यावर अंबारखान्यात, पागेत कामाला लावी. दुष्काळात पोटच्या पोरी विकल्या जात. बटकीचे मूल धन्याचे. ही परक्या मुलखातली हकीकत नव्हे; ज्या वाड्यांच्या चौकातल्या कारंज्यांवर आम्ही प्रकरणेच्या प्रकरणे लिहितो त्या चौकांत धुणी धुणाऱ्या आणि दळण दळणाऱ्या बायकांची आहे. आमच्या कादंबऱ्यांत त्या येतात का? येतात. 'एकनिष्ठ दासी' म्हणून येतात. बाईसाहेबांचे केस विंचरतात, त्यांच्या दुःखाने रडतात, आणि विषाचा पेला आपल्या ओठाला लावून मरतात. त्यांना पळून जावेसे कधी वाटत नाही. कागदांतल्या बायका पळत होत्या. कादंबऱ्यांतल्या पळत नाहीत. आता सांगा, कल्पनाशक्ती कुणाची मोठी?

यावर एक भारदस्त आक्षेप असतो : आजच्या नीतीच्या फूटपट्टीने कालचा काळ मोजू नये. अगदी मान्य. पण ही फूटपट्टी नायकाच्या वेळी कुठे असते? नायकाच्या तोंडी आजची समता, आजचा राष्ट्रवाद, आजचे स्त्रीदाक्षिण्य खुशाल घातलेले चालते. त्या वेळी काळाची आठवण कुणाला होत नाही. बटकीचा विषय निघाला की मात्र एकदम सगळ्यांना 'तो काळच तसा होता' हे आठवते. काळ तसा होता तर तसा लिहा ना! नायकाच्या दिवाणखान्यात लिहा, माजघरात लिहा, परसात लिहा. अर्धा वाडा अठराव्या शतकात आणि अर्धा एकविसाव्यात, असे घर कुठल्या गवंड्याने बांधले?

काळाचा सर्वांत अवघड तपशील कोणता, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, अज्ञान. त्या माणसांना पुढचे ठाऊक नव्हते. आपल्याला पानिपत म्हटले की १७६१ पाठ, संक्रांत पाठ, पराभव पाठ. त्या वर्षी पत्र लिहिणाऱ्या कारकुनाच्या मते ते साल 'इहिदे सितैन मया व अलफ' होते. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार; सुहूर सन ११६१. अरबी आकडे, मोडी अक्षर, मराठी मजकूर, माथ्यावर 'श्री', आणि तारखेला मुसलमानी महिना. या एका ओळीत त्या माणसाचे सगळे जग आहे, आणि त्या जगात 'पानिपतचा पराभव' नावाची वस्तू अजून नाही. लढाईनंतर कित्येक दिवस खुद्द पेशव्यांना निश्चित बातमी नव्हती. सदाशिवरावभाऊ पडले की कुठे निघून गेले, याचा घोळ तर पंधरा वर्षे चालला. भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले मिळाले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ साली वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य पत्करले नाही.

बावीस वर्षे! कादंबरीकार इथे 'पातिव्रत्य' असा एक शब्द लिहितो आणि डोळे पुसून पुढच्या लढाईकडे वळतो. मला विचारावेसे वाटते : त्या बावीस वर्षांत संक्रांत बावीस वेळा आली. वाणाच्या वेळी वाड्यातल्या सवाष्णी कुणाकडे पाहत असतील? कासार दारात आला की बांगड्या भरायला त्यांना कितव्या क्रमाने बोलावीत? त्यांच्यासमोर भाऊसाहेबांविषयी बोलताना कारकून भूतकाळ वापरीत की वर्तमानकाळ? हा शेवटचा प्रश्न व्याकरणाचा वाटेल. मी व्याकरण शिकवतो, म्हणून सांगतो, की एका क्रियापदाच्या काळावर इथे एका बाईचे कुंकू टांगलेले आहे. ही जागा कागदाने मोकळी सोडली आहे. प्रतिभेने यावे ते इथे.

भाषेविषयी फार लिहीत नाही, कारण त्यात रोग एकच आहे. प्रत्येक पात्र 'आम्ही' म्हणते, कुणी शिंकले तरी मुजरा झडतो, आणि जिजाबाईंना उठता-बसता 'माँसाहेब' म्हटले जाते; जुन्या कागदांत त्या आऊसाहेब म्हणून भेटतात, आणि 'आऊ' या शब्दाला जो मायेचा ओलावा आहे तो या नाटकी हाकेत कुठून येणार? एक पक्ष सगळे संस्कृत लिहितो. शिवकाळात दरबारी मराठी फारसीने इतकी व्यापली होती की महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, हे तो विसरतो. दुसरा पक्ष जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडीही 'अर्जी' आणि 'तसरीफ' घालतो. कचेरीची भाषा वेगळी, चुलीपुढची वेगळी, हे आजही आहे. तेव्हा नव्हते काय? गोपिकाबाईंनी गंगापुराहून नातवाला, सवाई माधवरावांना, कसे वागावे याचा उपदेश लिहून पाठवला. तो एकदा वाचावा, म्हणजे आजीची भाषा आणि राजमातेची भाषा एकाच लेखणीतून कशी उतरते ते कळेल.

कुणी म्हणेल, एवढी आगपाखड कशासाठी? कादंबऱ्याच आहेत, लोक दुपारी वाचतील, संध्याकाळी विसरतील. विसरत नाहीत, ही तर अडचण आहे. आपल्याकडे कादंबरीतला प्रसंग नाटकात जातो, नाटकातला पडद्यावर, पडद्यावरचा भाषणात, आणि भाषणातला माझ्या वर्गातल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत. तो मुलगा मला म्हणतो, "गुरुजी, पुस्तकात आहे." त्याला मी कसे समजावू की त्या पुस्तकातले ते वाक्य एका गृहस्थाला सहलीत वारा लागल्यामुळे सुचले? मग त्याच वाक्यावरून गावात दोन तट पडतात, मनगटे वर सरकतात, आणि ज्याने ते लिहिले तो, "मी कादंबरीकार आहे, इतिहासकार नव्हे," असे म्हणून नामानिराळा होतो. लोकांच्या माथ्यात इतिहास म्हणून जे उतरते त्यातले पुष्कळसे आम्ही कादंबरीवाल्यांनी उतरवलेले आहे. मानधन आणि हार आम्ही घेतले. जबाबदारीची वेळ आली की मात्र आम्ही कवी होतो.

दिवाळी अंक हाती पडल्यावर चार लेखक माझ्यावर रागावतील. रागावावे. पण रागावून झाल्यावर त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात एक करावे. गावोगाव जुने वाडे पाडण्याची कामे पावसाळ्याच्या आत उरकायची म्हणून वैशाखात जोरात असतात. तुळया आणि कोरीव खांब ठरवून विकले जातात. त्यांना भाव आहे. माळ्यावरचे रुमाल, जिन्याखालच्या कोनाड्यातले जमाखर्च यांना भाव नाही. ते ट्रॅक्टरमध्ये मातीबरोबर जातात, नाहीतर रद्दीत. कसर लागलेली असली तरी मधली पाने बहुधा वाचता येतात. मालकाला विचारले तर तो देतो, वर चहा पाजतो. मृग लागायच्या आत तिथे पोचायला हवे, एवढेच.